जपून वापरलेली मार्टिन डी-२८ विकायची आहे: किंमत कशी ठरवावी, कोणाला द्यावी?

अर्धविराम (धागाकर्ता) | १२ एप्रिल, सकाळी ९.२०

नमस्कार मंडळी. लिहू की नको, असं करत दोन महिने गेले. आज लिहून टाकतो.

माझ्याकडे २०१२ सालची मार्टिन डी-२८ अकूस्टिक गिटार आहे. तेव्हा मी न्यू जर्सीत नोकरीला होतो. मार्टिनचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात आहे, आमच्या घरापासून गाडीने दीड तासाच्या आत. एका शनिवारी सहज कारखाना बघायला गेलो. तिथल्या संग्रहालयात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या गिटारी बघितल्या आणि पुढचे चार महिने डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. शेवटी घेतलीच. करासकट अडीच हजार डॉलरच्या आसपास पडली. डॉलर तेव्हा पन्नास-पंचावन्न रुपयांना होता.

दर्शनी फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा भारतीय शिसवीच्या. आपल्या दक्षिणेतलं शिसवी तिकडे जाऊन गिटार झालं आणि माझ्याबरोबर पुन्हा पुण्यात आलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

अवस्था: एकदाही पडलेली नाही. कायम मूळ हार्ड केसमध्ये, आत आर्द्रता सांभाळणारी पाकिटं. खोलीत आर्द्रतामापक आहे, रोज बघतो. दोष दोन. खालच्या कडेला नखाएवढा टवका उडालाय आणि पहिल्या तीन फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारांच्या हलक्या खाचा पडल्यात. बिल, केसची किल्ली, सगळं जागेवर आहे.

विकायचं कारण डावा अंगठा. मुळाशी संधिवात आहे. दोन वर्षं औषधं, व्यायाम, पट्टा सगळं करून झालं. एफचा बार धरला (एका बोटाने सगळ्या तारा दाबल्या) की डोळ्यांत पाणी येतं.

एका दुकानात दाखवली तर नव्वद हजार म्हणाले. किंमत काय सांगावी? दुकानाला द्यावी की थेट माणसाला? लांबचं गिऱ्हाईक असेल तर कुरिअर करावी का? बायको म्हणते भाच्याला दे. भाच्याला तीन कॉर्ड येतात.

तिसरीघंटा | १२ एप्रिल, सकाळी १०.०५

वाचून कसंतरी झालं. विकण्याआधी एक विचारू? हलक्या तारा लावून, एक सूर खाली उतरवून बघितलंत का? माझ्या मावशीचं त्यावर चार वर्षं निभावलं.

न्याहारी | १२ एप्रिल, सकाळी १०.११

भाच्याला तीन कॉर्ड येतात म्हणजे निम्मी हिंदी गाणी आली की. देऊन टाका. :)

अर्धविराम | १२ एप्रिल, दुपारी १.३०

@तिसरीघंटा, बघितलं. अकराच्या तारा लावल्या, मग त्याहून बारीक दहाच्या, मग अख्खा सूर उतरवला. हाताला जरा बरं वाटायचं, पण या एवढ्या मोठ्या पोटाच्या गिटारीला अंगात आवाज काढायला ताण लागतो. दहाच्या तारांवर ती कुजबुजायला लागली. ते मला हातदुखीपेक्षा जास्त टोचलं. हल्ली नायलॉन तारांची एक साधी गिटार वाजवतो. तिचा ताण निम्म्याच्या आसपास, अंगठा तेवढं सोसतो. वाजवणं सुटलेलं नाही, म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका.

@न्याहारी, भाचा गुणी आहे, पण त्याची गिटार गॅलरीत उन्हात असते.

खुंटीपिळ्या | १२ एप्रिल, दुपारी ३.४५

मी गेल्या पंधरा वर्षांत सहा गिटारी विकल्या, नऊ घेतल्या. (घरी माहीत आहे.) थोडं सविस्तर लिहितो.

दुकानाने नव्वद सांगितले त्यात त्यांची लबाडी नाही. त्यांना ती सहा महिने भिंतीवर ठेवायची, सेटअप करायचा, हप्ता, भाडं, नफा. दुकानाला देणार असाल तर हाच आकडा थोडा वर सरकेल. थेट वाजवणाऱ्याला दिलीत तर वेळ लागेल, डोकं खाल्लं जाईल, पण दुप्पट मिळू शकतात. आपल्याकडे एवढ्या किमतीची जुनी गिटार घेणारे थोडे. पण जे आहेत ते नेमकं हेच शोधत असतात, कारण नवी डी-२८ इथे आज तीन लाखांच्या वर आहे.

एक गोष्ट जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा: साल २०१२. डी-२८ चं मॉडेल २०१७ मध्ये बदललं. आतल्या ब्रेसिंगची (फळीला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांची) जागा सरकवली, नेक म्हणजे मान बदलली, उघड्या दात्यांच्या खुंट्या आल्या, काळ्या पिकगार्डच्या (फळीला ओरखड्यांपासून जपणारा पातळ तुकडा) जागी कासवाच्या पाठीसारखं दिसणारं आलं. कोणाला जुनं आवडतं, कोणाला नवं. साल लपवल्यासारखं वाटलं तर माणूस तिथेच फिरतो. सिरियल नंबर आत, साउंडहोलमधून (समोरच्या गोल भोकातून) दिसणाऱ्या ठोकळ्यावर उमटवलेला असतो. कोणत्या वर्षी कोणत्या नंबरपर्यंत गिटारी झाल्या त्याची यादी कंपनीच देते. त्या ठोकळ्याचा स्वच्छ फोटो टाका, खोट्या मार्टिन बाजारात आहेत.

आणि टवक्याचा फोटो सगळ्यात मोठा टाका. मी पहिल्या गिटारीच्या वेळी ओरखडा 'राहून गेला' म्हणून टाकला नव्हता. गिऱ्हाईक नाशिकहून आलं, ओरखडा बघितला आणि मग सगळ्याच गोष्टींवर शंका घ्यायला लागलं. ओरखड्याचे दोन हजार गेले असते, मी बारा हजार सोडले.

हिशेबनीस | १२ एप्रिल, रात्री ८.१५

काही आकडे. तुम्हाला तेव्हा सव्वा-दीड लाखाच्या मधे कुठेतरी पडली असणार. तो आकडा मनातून काढा, किंमत त्यावर ठरत नाही. आज तीच नवी घ्यायला काय पडेल, तिथून मोजायला सुरुवात करा. वजाबाकीत वय, फ्रेट आणि वॉरंटी येते. मार्टिनची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते, विकली की संपली. म्हणजे नवा मालक ती जोखीम घेतोय, त्याचं काहीतरी त्याला सोडलं पाहिजे. मी तरी नव्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास सुरुवात करेन.

पैसे बँकेतून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला कायद्याने बंदी आहे, दंड घेणाऱ्याला होतो.

गारवा_८१ | १२ एप्रिल, रात्री ९.४०

मला पटत नाही. ज्याने सव्वा लाखाला घेतली त्याने तेरा वर्षं वाजवून दोन लाखाला विकायची? जुनी वस्तू जुन्या भावात द्यावी. रुपया घसरला त्याचा फायदा विकणाऱ्याने का घ्यावा?

खुंटीपिळ्या | १२ एप्रिल, रात्री १०.०२

गारवा, मग तुमचा फ्लॅट ८१ च्या भावात द्याल का? दोन बीएचके शोधतोय.

गारवा_८१ | १२ एप्रिल, रात्री १०.२०

८१ हे माझं जन्मसाल आहे हो. आणि फ्लॅटचं उदाहरण चुकीचं. फ्लॅटखाली जमीन असते. गिटार लाकूड आहे, झिजतं. माझा मुद्दा एवढाच की आपल्याकडे वीस-बावीस वर्षांची पोरं जीव तोडून वाजवतात आणि चांगलं वाद्य त्यांच्या हाती कधी लागतच नाही, कारण जुन्याचा भावसुद्धा नव्याच्या मागे धावतो.

लाकूडकाम | १३ एप्रिल, सकाळी ७.५०

गिटारी दुरुस्त करतो, पुण्यातच. भावाच्या वादात पडत नाही. विकण्याआधी घरी करायच्या चार तपासण्या सांगतो. घेणाऱ्याने पण ह्याच कराव्यात.

लांब स्टीलची पट्टी फ्रेटवर उभी ठेवून ब्रिजपर्यंत (फळीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकलं तर नेकचा कोन ठीक. ब्रिजच्या अंगावर मध्येच आपटलं तर पुढेमागे नेक काढून पुन्हा बसवावी लागणार. डी-२८ ची नेक डव्हटेल सांध्याने, सरसाने बसवलेली असते. वाफ देऊन सोडवावी लागते. खर्चिक आणि कौशल्याचं काम आहे. या एका तपासणीवर किमतीत तीस-चाळीस हजारांचा फरक पडू शकतो, म्हणून सगळ्यात आधी ही.

मग साधा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकतोय का बघा. सरकला तर ब्रिज उचलायला लागलाय. ब्रिजच्या मागे फळीला किंचित फुगवटा असतो, त्याला घाबरू नका. तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर असतो, फळी थोडी फुगणारच. फुगवट्याबरोबर ब्रिजच्या पुढची बाजू खचलेली दिसली तर मात्र आतली ब्रेस सुटली असेल. बोटाच्या पेराने फळीवर टकटक करा, कुठे खुळखुळ आवाज आला तर मला दाखवा.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. जाड तारेखाली २.४ मिलिमीटर, बारीक तारेखाली १.८ च्या आसपास असेल तर बहुतेकांना चालतं. हा आकडा जाहिरातीत लिहा. 'ॲक्शन मस्त आहे' असं लिहू नका, प्रत्येकाची मस्त वेगळी.

शेवटचं. हिला लावलेलं लॅकर नायट्रोसेल्युलोजचं आहे. रबर लावलेल्या स्टँडवर ती महिनोन्महिने ठेवली तर रबराच्या जागी लॅकर मऊ पडून कायमचा डाग बसतो. बघायला आलेल्याच्या स्टँडवर ठेवू नका, केसमध्येच ठेवा.

डेट्रॉईटकर | १३ एप्रिल, दुपारी १२.३०

उत्तम प्रतिसाद. अर्धविराम, माझा मावसभाऊ दुबईला असतो, तो घेईल कदाचित. पण शिसवी असल्यामुळे विमानाने न्यायला परवाना लागतो ना?

खुंटीपिळ्या | १३ एप्रिल, दुपारी १.१५

२०१७ च्या जानेवारीपासून लागत होता, तेव्हा ब्राझीलची सोडून शिसवीच्या सगळ्या जाती साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात घातल्या होत्या. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कडक बंधन राहिलं ते ब्राझीलच्या शिसवीवर. मार्टिनने साठच्या दशकाच्या शेवटी ब्राझीलचं सोडून भारतीय शिसवी घेतलं, त्यामुळे २०१२ च्या डी-२८ ला तो प्रश्न नाही.

मिरजेची_लेक | १३ एप्रिल, दुपारी ४.१०

गिटारीतलं मला काही कळत नाही, पण वाद्य विकण्याचं दुःख कळतं.

आमच्या आत्याचा तानपुरा होता, मिरजेचाच. आत्याचा गळा गेला तेव्हा तिने तो विकायचं ठरवलं. आमच्याकडे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, आणि तसा घेराचा, जाड सालीचा भोपळा पुन्हा मिळणं अवघड, म्हणून ज्यांनी तो घडवला त्यांच्याच घरातले लोक घ्यायला तयार होते. भाव पण चांगला देत होते. आत्या म्हणाली, नको, त्यांच्याकडे चाळीस तानपुरे आहेत. सांगलीच्या एका शाळामास्तरणीला दिला, हप्त्याने. मास्तरणीने दर महिन्याला पैसे द्यायला घरी यायचं आणि आत्यासमोर पाऊण तास गायचं, असं ठरलं. दोन वर्षांत हप्ते संपले, बाई पुढेही येत राहिल्या.

दर चार-पाच वर्षांनी जवारी काढायला तो तानपुरा मिरजेला येतो, तेव्हा मी जाऊन बघून येते. घोडीवरची जवारी नव्याने घासली की तोच आवाज. गिटारीला असं काही करतात का?

लाकूडकाम | १३ एप्रिल, सायंकाळी ६.३०

ताई, जवारीसारखं नेमकं नाही. तुमच्याकडे तार घोडीच्या सपाट माथ्यावर घासत घासत झणझणते. गिटारीत ती सॅडलवरून (ब्रिजवरची बारीक पट्टी) स्पष्ट सुटली पाहिजे, झणझण आली तर आमच्याकडे दुरुस्तीला येते! पण सॅडल बदलणं, फ्रेट घासून सारखे करणं, ही कामं त्याच जातीची. बाकी मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्या लाकूडवाल्यांना आनंद झाला होता.

वास्कोचो_वारो | १३ एप्रिल, रात्री ११.०५

गोंयांत माझ्या पप्पाची गिटार भिंतीवर टांगलेली असायची, चाळीस वर्षं. समुद्राचं वारं लागून फ्रेट हिरवे पडायचे, तारा महिन्यात गंजायच्या. तरी दर नाताळाला खाली उतरवून मांडो म्हटलाच. घुमट काका वाजवायचे, व्हायोलिन शेजारचे. ती गिटार विकली असती तर पाचशे रुपये कोणी दिले नसते. आता ती माझ्याकडे आहे, विकणार नाही.

तुमची केसमध्ये असते हे ऐकून बरं पण वाटलं आणि जरा वाईट पण. वाजते ना रोज?

अर्धविराम | १४ एप्रिल, सकाळी ८.००

@वास्कोचो_वारो, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. खरं उत्तर: नाही. फेब्रुवारीपासून महिन्यातून एकदा काढतो, पुसतो, सूर लावतो, दोन मोकळे कॉर्ड वाजवून ठेवतो. म्हणूनच विकायची आहे.

@लाकूडकाम, पट्टी ब्रिजच्या माथ्यावर अगदी टेकते. कागद सरकत नाही. ॲक्शन २.५ आणि १.९. आर्द्रता काल दुपारी खोलीत २४ टक्के होती, केसमध्ये ४७. पाकिटं दोन्ही बदलली.

शेंडेफळ | १४ एप्रिल, सकाळी ११.२५

मी २३ वर्षांचा आहे आणि गारवा_८१ यांना +१००. दुकानात भिंतीवरच्या महागड्या गिटारला हात लावला की माणूस येऊन मागे उभा राहतो. मी डी-२८ आयुष्यात दोनदा वाजवली आहे, दोन्ही वेळा मिळून दहा मिनिटं. जुन्या गिटारीचा आवाज वाजवून वाजवून उघडतो म्हणतात, ते खरं आहे का?

खुंटीपिळ्या | १४ एप्रिल, दुपारी १२.१०

खरं. माझ्या गिटारीचा पहिल्या वर्षातला आवाज आणि आजचा आवाज यात मला स्वच्छ फरक दिसतो.

लाकूडकाम | १४ एप्रिल, दुपारी २.४०

खुंटीपिळ्याभाऊ, आदर आहे पण मला शंका आहे. पाच वर्षांपूर्वीचा आवाज कानाला जसाच्या तसा आठवत नाही. माझ्याकडे लोक 'आवाज बसलाय' म्हणून गिटार आणतात. मी नव्या तारा लावतो, सॅडल नीट बसवतो, आणि ते म्हणतात 'उघडली!' अर्धविराम यांनी 'तेरा वर्षं मुरलेला आवाज' असं जाहिरातीत लिहू नये. नव्या तारा लावून मोबाईलवर दोन मिनिटांचं वादन टाकावं, ऐकणारा ऐकेल.

खुंटीपिळ्या | १४ एप्रिल, दुपारी ३.००

यावर आपण एकदा भेटून भांडू. चहा माझा.

अर्धविराम | २६ एप्रिल, रात्री ९.३०

जाहिरात टाकून आठवडा झाला. किंमत २,१०,००० लिहिली. आलेल्या निरोपांपैकी निम्म्यात फक्त 'लास्ट किती?' एकाने मोटरसायकलशी अदलाबदल सुचवली.

एक फोन वेगळा आला. माणूस म्हणाला, लष्करात आहे, बदली झालीय, बघायला येता येणार नाही, किंमत मान्य आहे, आत्ताच पैसे पाठवतो. बोलणं अतिशय आदबशीर. ओळखपत्राचा फोटो पाठवला. मग एक क्यूआर कोड आला, 'हा स्कॅन करा, पैसे जमा होतील.' काय करू? माणूस चांगला वाटला.

हिशेबनीस | २६ एप्रिल, रात्री ९.३४

स्कॅन करू नका!! पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिन लागत नाही. पिन टाकली की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

तिसरीघंटा | २६ एप्रिल, रात्री ९.४१

हेच शब्द, हीच आदब. मी गेल्या वर्षी जुना फ्रिज विकताना नऊ हजार घालवले. 'आधी पाच रुपये पाठवून बघतो' म्हणाला, ते खरंच आले, म्हणून विश्वास बसला. मग मोठ्या रकमेचा कोड पाठवला आणि मी पिन टाकली. लष्करातला माणूस म्हटल्यावर आपल्याला संशय घ्यायची लाज वाटते, ते लोक त्याच लाजेवर जगतात. चुकून गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर उशीर झाला होता.

अर्धविराम | २६ एप्रिल, रात्री ९.५०

तुम्हा दोघांचे उपकार. पिनच्या पडद्यापर्यंत गेलो होतो. नंबर ब्लॉक केला.

आता एवढंच ठरवलंय: जो येईल, हातात घेईल, वाजवेल, त्यालाच देणार. कुरिअर नाही.

डेट्रॉईटकर | २७ एप्रिल, सकाळी ६.१५

म्हणजे आमचा दुबईचा मावसभाऊ बाद. योग्यच. पण कुणाला पाठवायची वेळ आलीच तर: तारा थोड्या सैल करा, पूर्ण काढू नका, आणि केसमध्ये नेकच्या डोक्याखाली व भोवती कापड कोंबून ते हलणार नाही असं करा. खोकं आपटलं की डोकं झटका खातं आणि नेक नटपाशी (डोकं जिथे सुरू होतं तिथे) तुटते. माझी एक अशीच गेली, केसवर ओरखडा नव्हता.

अर्धविराम | २४ मे, रात्री १०.४५

मंडळी, गिटार गेली. जरा लांबण लागेल.

शेवटी दोघेजण राहिले होते. एक पुण्यातलेच गृहस्थ. माझ्याहून वयाने मोठे, बोलायला छान, २,०५,००० द्यायला तयार. त्यांच्याकडे अकरा गिटारी आहेत, दिवाणखान्यात भिंतीवर ओळीने लावलेल्या, फोटो दाखवले. वाजवून बघता का विचारलं तर म्हणाले, 'आवाज मार्टिनचा आहे, बघायचं काय.'

दुसरा चिपळूणचा मुलगा, सव्वीस-सत्तावीसचा, शाळेत संगीत शिकवतो आणि लग्नसमारंभात वाजवतो. एसटीने कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे आला. सकाळी दहाला दारात. त्याने आधी हात धुतले, पँटचा पट्टा काढून बाजूला ठेवला, पाठीला बकल लागू नये म्हणून. मग लाकूडकाम यांनी सांगितलेल्या तपासण्या एकेक करून केल्या, स्टीलची पट्टी स्वतः घेऊन आला होता. टवका बघितला, काही बोलला नाही. मग दीड तास वाजवत बसला. बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली, ती सहसा येत नाही.

त्याची आधीची गिटार २०२१ च्या जुलैमधल्या पुरात गेली. पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं तेव्हा आधी आजीला वर नेलं. गिटार चार दिवसांनी सापडली, फळ्या सुटून वेगळ्या झालेल्या. तेव्हापासून साठवतोय. त्याच्याकडे १,८५,००० होते, त्याने ते पहिल्या वाक्यात सांगितलं आणि घासाघीस केली नाही.

मी त्याला दिली. एक लाख पंच्याऐंशी, बँकेतून, माझ्यासमोर.

गारवा_८१ | २४ मे, रात्री ११.०२

हॅट्स ऑफ.

हिशेबनीस | २५ मे, सकाळी ७.३०

अभिनंदन. पण प्रामाणिकपणे सांगतो, मी असतो तर त्या गृहस्थांना दिली असती. वीस हजार म्हणजे तुमच्या हाताच्या उपचारांचा वर्षाचा खर्च. आणि अकरा गिटारी जपणाऱ्याच्या घरी ती पन्नास वर्षं जशीच्या तशी राहिली असती. चिपळूणला पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते. वाद्य जपायचं हाच हेतू होता ना?

अर्धविराम | २५ मे, सकाळी ९.१५

हिशेबनीस, तुमचं म्हणणं चूक नाही. त्या पावसाची भीती मलाही वाटली आणि मी त्याला तसं तोंडावर विचारलं. म्हणाला, 'काका, आता मी वरच्या मजल्यावर राहतो, आणि पाणी आलं तर आजीनंतर हीच.' मला तेवढं पुरलं. तेरा वर्षं मी ती जपली खरी, पण त्या सकाळी दीड तास तिचा जो आवाज घरात भरला होता, तसा माझ्या हातून कधी निघाला नव्हता. भिंतीवर तो निघाला नसता.

निघताना केस त्याने एसटीत वर ठेवली नाही, दोन्ही गुडघ्यांत धरून बसला. आर्द्रतामापक आणि उरलेली सहा पाकिटं मी त्याला तशीच दिली.

मिरजेची_लेक | २५ मे, सकाळी १०.४०

आमच्या आत्याला हा धागा वाचून दाखवला. तिने विचारलंय, तो मुलगा पुन्हा पुण्याला येईल तेव्हा तुमच्याकडे वाजवायला येणार का?

अर्धविराम | २५ मे, सकाळी ११.१०

हो. गणपतीनंतर येतो म्हणालाय. आत्याबाईंना नमस्कार सांगा.

हापूस_हंगाम | २५ मे, दुपारी ३.२०

रत्नागिरीतून. इतके दिवस नुसता वाचत होतो, आता कामाचं बोलतो. ती दुहेरी (ओलावा घेणारी आणि सोडणारी) पाकिटं आमच्याकडे पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत ओलावा पिऊन टम्म फुगतात, मग उपयोग नाही. सहा पाकिटं त्याला जुलैपर्यंत पुरतील, ऑगस्टला नाही. मी जून ते सप्टेंबर केसमध्ये रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या ठेवतो, एक साउंडहोलच्या खाली, एक डोक्यापाशी. रंग बदलला की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतायच्या दाण्यांसारख्या, पुन्हा कोरड्या. कापडातून काढून परता, आणि त्या तव्यावर परत भाकरी टाकू नका, वेगळा ठेवा. पण मापक ४५ च्या खाली जायला लागला की लगेच एक पुरचुंडी काढून घ्यायची, नाहीतर फळी आखडते. आणि केस भिंतीला टेकवून ठेवायची नाही, आमच्या भिंती आतून ओल्या असतात. पलंगावर, माणसाच्या शेजारी.

अर्धविराम | २५ मे, दुपारी ३.४५

हे जसंच्या तसं त्याला पाठवतो. परतताना आच किती मिनिटं ठेवता?